पाठीच्या कण्यात दोष असलेलं बाळ चालायला कसं शिकतं? फिजिओथेरपी नेमकं काय करते?

बाळ जन्मतं आणि डॉक्टर सांगतात, "पाठीवर गाठ आहे, ऑपरेशन करावं लागेल." ऑपरेशन होतं, टाके निघतात, बाळ घरी येतं. त्यानंतर घरातल्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न असतो, हे बाळ चालेल का?

सोशल मीडियावर शोधलं की दोन टोकाची उत्तरं मिळतात. एकीकडे "अशी मुलं कधीच चालत नाहीत" म्हणणारे, दुसरीकडे "फक्त तीन महिन्यांत चालायला लागलं" असे व्हिडिओ. खरं उत्तर या दोन्हींच्या मधे आहे. ते समजून घेतलं तर पहिल्या वर्षातला महत्त्वाचा वेळ वाया जात नाही, पैसेही वाचतात.

पाठीच्या कण्याच्या जन्मजात दोषांपैकी 'स्पायना बायफिडा' हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा दोष. या लेखात त्याचीच माहिती घेऊ.

स्पायना बायफिडा म्हणजे काय?

गर्भ तयार होताना सुरुवातीला त्याच्या पाठीवर एक सपाट पट्टी असते. ती गुंडाळली जाते आणि तिची नळी बनते. या नळीला न्यूरल ट्यूब म्हणतात. तिच्यापासूनच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतो. गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत ही नळी पूर्ण बंद व्हायला हवी. ती पाठीच्या भागात कुठेतरी उघडी राहिली, तर त्या जागी मणकेही नीट जुळत नाहीत. यालाच स्पायना बायफिडा म्हणतात.

२८ दिवस म्हणजे किती लवकर, हे लक्षात घ्या. अनेक बायकांना तोपर्यंत आपण गरोदर आहोत हे कळलेलंही नसतं. त्यामुळे "गरोदरपणात तिने अमुक खाल्लं", "ग्रहणात बाहेर गेली" असं म्हणून आईला दोष देण्यात काहीही अर्थ नाही.

याचे मुख्य तीन प्रकार आहेत.

पहिला, ऑक्युल्टा. यात मणक्यात छोटी फट असते, पण वर त्वचा असते आणि नसा शाबूत असतात. बऱ्याच जणांना ही फट असल्याचं कधी कळतही नाही. दुसऱ्याच कारणासाठी एक्स-रे काढला की ती दिसते.

दुसरा, मेनिंगोसील. यात पाठीवर पाण्याची पिशवी दिसते, पण तिच्यात मज्जारज्जू नसतो. अशा मुलांना पुढे त्रास बहुतेक वेळा कमी होतो.

तिसरा आणि गंभीर प्रकार, मायलोमेनिंगोसील. यात मज्जारज्जू आणि नसा त्या पिशवीत बाहेर आलेल्या असतात. जन्मानंतर शक्य तितक्या लवकर, साधारणपणे पहिल्या दोन-तीन दिवसांत ऑपरेशन करून ही जागा बंद करतात. ऑपरेशनमुळे जंतुसंसर्ग टळतो आणि नसांचं पुढचं नुकसान थांबतं. मात्र आधीच इजा झालेल्या नसा त्याने परत जुळत नाहीत. "ऑपरेशन झालं, आता सगळं ठीक होईल" असं अनेक घरांत वाटतं, म्हणून हा फरक सुरुवातीलाच कळलेला बरा.

या मुलांपैकी अनेकांच्या डोक्यात पाणी साचतं. त्याला हायड्रोसेफलस म्हणतात. ते पाणी पोटात वळवण्यासाठी 'शंट' नावाची बारीक नळी बसवावी लागते. लघवी आणि शौचावरचा ताबाही बहुतेकांमध्ये कमी असतो, कारण त्या नसा कण्याच्या अगदी खालच्या टोकातून निघतात.

बाळ चालेल का, हे कशावर ठरतं?

बाळाच्या पाठीवरची गाठ किती मोठी होती, यापेक्षा ती किती उंचीवर होती हे जास्त महत्त्वाचं असतं.

मज्जारज्जूतून वरून खाली ठरावीक क्रमाने नसा निघतात आणि प्रत्येक नस ठरावीक स्नायूंना आदेश देते. घरातल्या वायरिंगसारखं समजा. ज्या जागी वायर तुटली, तिथून पुढचे दिवे लागत नाहीत.

दोष छातीच्या पातळीवर असेल, तर पायांना स्वतःहून हालचाल नसते. ही मुलं मोठ्या कॅलिपरच्या आणि स्टँडच्या आधाराने उभी राहू शकतात, पण रोजच्या फिरण्यासाठी त्यांना बहुतेक वेळा व्हीलचेअर लागते.

दोष कमरेच्या वरच्या भागात असेल, तर बाळ मांडी पोटाकडे ओढू शकतं, पण गुडघा सरळ करायची ताकद कमी असते. उंच कॅलिपर आणि वॉकर घेऊन घरात थोडं चालणं शक्य होतं, लांबच्या अंतरासाठी व्हीलचेअर लागते.

दोष कमरेच्या खालच्या भागात असेल, तर गुडघा सरळ करणारा मांडीचा पुढचा स्नायू चालतो. इथे चित्र बरंच बदलतं. घोट्याला आधार देणारी स्प्लिंट आणि गरज पडली तर कुबड्या घेऊन यातली अनेक मुलं चालतात.

दोष त्याहूनही खाली, माकडहाडाजवळच्या भागात असेल, तर बहुतेक मुलं चालतात. काहींना फक्त पायात छोटी स्प्लिंट लागते, काहींना तीही लागत नाही.

हे ढोबळ चित्र झालं. एकाच पातळीवर दोष असलेली दोन मुलंही वेगवेगळी निघू शकतात. शंटच्या अडचणी, वजन, पायातला बाक, पाठीचा बाक, बाळाची समज आणि घरून मिळणारा सराव या सगळ्याचा परिणाम होतो.

म्हणूनच फिजिओथेरपिस्ट पहिल्या भेटीत बाळाचे पाय बराच वेळ नुसते बघत बसतात. गुदगुल्या केल्यावर बाळ लाथ मारतं का? लाथ मारताना गुडघा पूर्ण सरळ होतो का? पाऊल वर उचललं जातं का? पायाची बोटं हलतात का? कोणत्या नसा काम करतात याचा नकाशा त्यांना यातून मिळतो आणि त्यावरून पुढचे व्यायाम ठरतात.

चालायला शिकायला किती सराव लागतो?

आपल्याला वाटतं, वेळ आली की बाळ आपोआप चालतं. पण आपोआप असं काही होत नसतं.

नवजात बाळाला उभं धरून त्याचे पाय जमिनीला टेकवले, तर ते पावलं टाकल्यासारखं करतं. साधारण दोन महिन्यांनी हे बंद होतं. मेंदू मोठा होतो म्हणून ही सवय जाते, असं पूर्वी मानलं जायचं. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञ एस्थर थेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. बाळाचे पाय पाण्यात धरले आणि बाळ पावलं जास्त टाकायला लागलं. पहिल्या काही महिन्यांत पायांवर चरबी चढते, त्या मानाने ताकद वाढत नाही, म्हणून पाय उचलणं जड जातं. पाण्यात तेच पाय हलके होतात.

यातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. चालण्यासाठी मेंदू आणि नसा लागतातच, पण पायाचं वजन, स्नायूंची ताकद, तोल आणि आजूबाजूची परिस्थिती यांचाही तेवढाच वाटा असतो. नसा बदलता आल्या नाहीत, तरी बाकीच्या बऱ्याच गोष्टी बदलता येतात. फिजिओथेरपी हेच काम करते.

आता सरावाचा हिशोब बघा. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरेन अॅडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये १२ ते १९ महिन्यांच्या बाळांचं निरीक्षण केलं. मोकळं खेळताना ही बाळं तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. एका तासात!

याच्याशेजारी आठवड्यातून एकदा अर्धा तास होणारी फिजिओथेरपी ठेवून बघा. त्या अर्ध्या तासात कोणतंही बाळ चालायला शिकू शकत नाही. थेरपिस्ट त्या वेळेत आई-बाबांना, आजीला, बाळाला सांभाळणाऱ्या प्रत्येकाला शिकवत असतात. खरी थेरपी घरात होते. कपडे बदलताना, दूध पाजताना, अंघोळ घालताना, खेळवताना.

फिजिओथेरपी कधी सुरू होते? त्यात काय करतात?

जखम भरली आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की लगेच, म्हणजे पहिल्या काही आठवड्यांतच. "एक वर्षाचा होऊ दे, मग बघू" असं म्हणत थांबणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. कारण स्नायूंचा समतोल बिघडलेला असला की सांधे एका बाजूला ओढले जातात आणि काही महिन्यांत आखडतात. एकदा सांधा आखडला की आधी तो सोडवायचा, मग उभं करायचं, असं काम दुप्पट होतं.

पहिले काही महिने. या काळात मुख्य काम असतं सांधे मोकळे ठेवण्याचं. खुबा, गुडघा आणि घोटा हळूहळू, जोर न लावता फिरवायला शिकवतात. ज्या बाळांच्या पायात ताकद कमी असते, ती बेडकासारखे पाय फाकवून पडून राहतात. ती सवय मोडण्यासाठी दुपट्याच्या गुंडाळ्या लावून पाय सरळ रेषेत ठेवायला सांगतात. पाऊल जन्मतःच आत वळलेलं असेल तर प्लास्टर घालून ते टप्प्याटप्प्याने सरळ करतात.

तीन ते सहा महिने. बाळाला जागेपणी पोटावर झोपवण्यावर भर असतो. जखम भरल्यावर पालथं ठेवायला घरचे घाबरतात, ते साहजिक आहे. पण पालथं पडूनच बाळ मान धरतं, हातांवर रेटा देतं आणि खुब्याचे पुढचे स्नायू ताणले जातात. पुढे वॉकर किंवा कुबड्या धरायच्या असतील तर खांद्यांची ताकद इथूनच तयार होते. मात्र बाळ झोपलेलं असेल तेव्हा पाठीवरच ठेवायचं, पालथं फक्त जागेपणी आणि कोणीतरी समोर असताना.

सहा ते बारा महिने. बसणं, वळणं, पोटावर सरपटणं, जमलं तर रांगणं. पाय साथ देत नसतील तर हातांच्या जोरावर पुढे सरकणंही चालतं. बाळाने स्वतः जागा बदलणं इथे महत्त्वाचं. खेळणं हातात देण्याऐवजी थोडं लांब ठेवायचं, ते यासाठीच. जे बाळ स्वतः हलून खेळण्यापर्यंत पोहोचतं, त्याला अंतर, दिशा, आपल्या हालचालीचा परिणाम हे सगळं कळायला लागतं.

एक वर्षाच्या आसपास आणि पुढे. सोबतची बाळं उभी राहायला लागतात तेव्हा यालाही उभं करायचं. ज्याला स्वतः जमत नाही त्याला स्टँडिंग फ्रेममध्ये. उभं राहिल्याने पायांच्या हाडांवर भार येतो, खुबे ताणले जातात, शिवाय बाळाला जग वेगळ्या उंचीवरून दिसतं. मग सोफा धरून बाजूला सरकणं, वॉकर ढकलणं आणि शेवटी पावलं.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतासह पाच देशांतली बाळं होती. त्यात निरोगी बाळं कोणाच्याही आधाराशिवाय चालायला लागण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने इतका पसरलेला दिसला. म्हणजे निरोगी मुलांमध्येही इतका फरक असतो. स्पायना बायफिडा असलेली, खालच्या पातळीवर दोष असलेली मुलं त्याहून उशिरा, अनेकदा दोन वर्षांनंतर पावलं टाकतात. शेजारच्या बाळाशी तुलना करून उपयोग नाही. आपल्या बाळाला मागच्या महिन्यात काय येत होतं, तेवढंच बघायचं.

स्प्लिंट आणि कॅलिपर लावले तर पाय कमजोर होतात का?

हा गैरसमज खूप आहे. "बाळाला सवय लागेल" म्हणून बरेच पालक स्प्लिंट कपाटात ठेवून देतात.

ज्या स्नायूला नसच पोहोचत नाही, तो स्प्लिंट न घातल्याने मजबूत होत नाही. स्प्लिंट त्या स्नायूचं काम स्वतःकडे घेते आणि उरलेल्या स्नायूंना काम करू देते. घोटा लटपटत असेल तर चांगला गुडघाही वाया जातो. घोटा धरला की तोच गुडघा शरीर पेलतो. चष्म्याने डोळे कमजोर होत नाहीत, तसंच हे.

काळजी मात्र घ्यायची असते. या मुलांच्या पायाला संवेदना कमी असते, म्हणून स्प्लिंट घासली तरी बाळ रडत नाही. काढल्यावर रोज त्वचा बघायची. लाल डाग वीस-तीस मिनिटांत गेला नाही, तर स्प्लिंट दुरुस्त करून घ्यायची. बाळ वाढतं तशी ती लहान होते, त्यामुळे ठरावीक काळाने बदलावी लागते.

बाळाला ट्रेडमिलवर चालवतात, हे खरं आहे का?

हो, अशा संशोधनाचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. मोठ्या माणसाने बाळाला काखेत धरलंय, खाली छोटा पट्टा हळू फिरतोय आणि बाळ पावलं टाकतंय.

याची सुरुवात डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांपासून झाली. २००१ मध्ये डेल अलरिख आणि बेव्हर्ली अलरिख यांच्या गटाने ३० बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या थेरपीसोबत रोज ८ मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस घरीच ट्रेडमिलवर सराव केलेली बाळं, असा सराव न केलेल्या बाळांपेक्षा सरासरी १०१ दिवस आधी स्वतंत्र चालायला लागली.

त्यानंतर मिशिगन विद्यापीठात बेव्हर्ली अलरिख आणि सहकाऱ्यांनी हेच मायलोमेनिंगोसील असलेल्या बाळांवर करून बघितलं. २००९ मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात या बाळांनी निरोगी बाळांपेक्षा बरीच कमी पावलं टाकली. पण टाकली, हे महत्त्वाचं. म्हणजे पहिल्या वर्षातही त्यांच्या नसा आणि स्नायू सरावाला प्रतिसाद देतात.

मग सगळ्यांनी ट्रेडमिल आणावी का? नाही. हे अभ्यास छोटे आहेत. २०१७ मध्ये कोक्रेनने सहा वर्षांखालच्या मुलांवरच्या अशा अभ्यासांचा आढावा घेतला, त्यातही पुरावे मर्यादितच असल्याचं दिसलं. मोठ्यांच्या जिममधल्या ट्रेडमिलवर बाळाला उभं करणं तर धोक्याचं आहे. या संशोधनातून घ्यायचा धडा साधा आहे, लवकर सुरुवात आणि रोज थोडा सराव.

घरी काय सांभाळायचं?

आपल्याकडच्या बाळ सांभाळण्याच्या काही पद्धती या बाळांच्या बाबतीत बदलाव्या लागतात.

शेक-शेगडी. बाळाला शेक द्यायची पद्धत अनेक घरांत आहे. पण ज्या पायाला गरम-गार कळत नाही, तो भाजला तरी बाळ रडणार नाही. शेगडी, गरम पाण्याची पिशवी नकोच. अंघोळीचं पाणी आपल्या कोपराने तपासून मगच घ्या. उन्हात तापलेली फरशीही अशीच धोक्याची.

मालीश. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, पण ऑपरेशनच्या जागेवर चोळायचं नाही. पाय ओढणं, पिळणं, उलटं धरणं बंद. या मुलांची पायाची हाडं नाजूक असतात. पाय अचानक सुजला, लाल आणि गरम लागला आणि बाळ रडत नसेल, तरी आत हाड मोडलेलं असू शकतं. मालीश करायला बाई येत असतील तर त्यांना हे आधीच सांगा.

चाकांचं बेबी वॉकर. ज्यात बाळाला बसवतात ते. यात बाळ पायाच्या बोटांनी जमीन ढकलतं, तोल सांभाळायला शिकत नाही. शिवाय ते जिन्यावरून कोसळतं, गॅसपर्यंत पोहोचतं. कॅनडाने २००४ मध्ये या वॉकरवर बंदीच घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा, तो बाळ उभं राहून ढकलतं. पण तो कधी आणि कसा द्यायचा, हे थेरपिस्टला विचारूनच.

फुगे. हे वाचून आश्चर्य वाटेल. स्पायना बायफिडा असलेल्या मुलांना लॅटेक्स रबराची अॅलर्जी होण्याचा धोका जास्त असतो. वाढदिवसाचे फुगे, रबरी हातमोजे, काही चोखण्या यात लॅटेक्स असतं. दवाखान्यात गेल्यावर ही गोष्ट आधी सांगा.

लघवी. मूत्राशय पूर्ण रिकामं झालं नाही तर किडनी खराब होते. म्हणून ठरावीक वेळाने बारीक नळी घालून लघवी काढायला शिकवतात. १९७२ मध्ये डॉ. जॅक लॅपिडिस यांनी मांडलेल्या या सोप्या पद्धतीने कित्येक मुलांच्या किडन्या वाचल्या. चालण्याच्या नादात याकडे दुर्लक्ष करू नका.

कोणती लक्षणं दिसली तर लगेच डॉक्टरकडे जायचं?

शंट असलेलं बाळ सारखं उलट्या करतंय, सुस्त पडलंय, टाळू फुगलाय, डोळे खाली ओढल्यासारखे दिसतायत, तर शंट बंद पडलेला असू शकतो. उद्यावर ढकलायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल.

दुसरं, चालणारं मूल हळूहळू मागे जायला लागलं तर. आधी येत होतं ते आता जमत नाही, पाय वाकडा पडतोय, पाठ किंवा पाय दुखतोय, लघवीची सवय बदललीय. मज्जारज्जू ऑपरेशनच्या जागी चिकटून वाढीसोबत ताणला गेला की असं होतं. याला टेदर्ड कॉर्ड म्हणतात. "व्यायाम कमी पडला" म्हणून स्वतःला दोष देत बसू नका, तपासणी करून घ्या.

गर्भातच ऑपरेशन करता येतं का? आणि स्टेम सेल?

गर्भातल्या ऑपरेशनबद्दल अमेरिकेत मोठी चाचणी झाली, तिला 'मॉम्स' म्हणतात. २०११ मध्ये तिचे निष्कर्ष आले. गर्भधारणेच्या २६ आठवड्यांच्या आत ऑपरेशन झालेल्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं अडीच वर्षांच्या वयात कोणत्याही आधाराशिवाय चालत होती. जन्मानंतर ऑपरेशन झालेल्यांमध्ये हे प्रमाण २१ टक्के होतं. शंट लागण्याचं प्रमाणही कमी झालं. पण बाळ वेळेआधी जन्मण्याचा आणि आईच्या गर्भाशयाला इजा होण्याचा धोका वाढला. भारतात हे ऑपरेशन अजून सर्रास होत नाही. शिवाय गर्भात ऑपरेशन झालेल्या बाळालाही नंतर थेरपी लागतेच.

स्टेम सेलबद्दल मात्र सावध राहा. भारतात आयसीएमआरच्या २०१७ च्या नियमावलीनुसार रक्ताचे काही आजार वगळता स्टेम सेल उपचार प्रायोगिक मानले जातात आणि ते फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात. चाचणीत सहभागी होण्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. कोणी लाखो रुपयांचं पॅकेज सांगून चालण्याची हमी देत असेल, तर तिथून निघून या.

आणखी एक गोंधळ. १६ कोटींच्या इंजेक्शनसाठी पैसे गोळा करण्याच्या पोस्ट तुम्ही पाहिल्या असतील. तो आजार एसएमए, म्हणजे स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी. नावात 'स्पायनल' असलं तरी तो जनुकांचा आजार आहे, स्पायना बायफिडाशी त्याचा संबंध नाही. त्या बाळांचे व्यायामही वेगळे असतात. एकाचा व्हिडिओ बघून दुसऱ्यावर प्रयोग करू नका.

व्हीलचेअर घेतली म्हणजे थेरपी फसली का?

अजिबात नाही. चालण्यामागचा हेतू काय असतो? जिथे जायचंय तिथे स्वतः जाता येणं. काही मुलं लहानपणी कॅलिपर घालून चालतात, पण अंगाने वाढल्यावर चालण्यात इतकी ताकद जाते की शाळेत पोहोचेपर्यंत थकतात. मग किशोरवयात ती स्वतःच व्हीलचेअर निवडतात. घरात कुबड्या, बाहेर व्हीलचेअर असंही अनेक जण करतात. ज्या मुलाच्या पायात मुळातच ताकद नाही, त्याला लहान वयातच छोटी व्हीलचेअर मिळाली तर ते इतर मुलांच्या मागे धावू शकतं, आपल्या पद्धतीने.

थेरपिस्टला "चालेल का?" याच्यासोबत "स्वतः फिरायला लागण्यासाठी आत्ता काय करायचं?" हेही विचारा. पहिल्याचं उत्तर यायला वर्षं लागतात, दुसऱ्याचं त्याच दिवशी मिळतं.

महाराष्ट्रात मदत कुठे मिळते?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजे आरबीएसके, ही केंद्राची योजना ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या पालघरमधूनच सुरू झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची यात मोफत तपासणी होते आणि जन्मजात दोषांच्या यादीत न्यूरल ट्यूबचा दोष आहे. पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र, म्हणजे डीईआयसी असतं. तिथे फिजिओथेरपीची सोय असते. आशा ताई, अंगणवाडी सेविका किंवा जिल्हा रुग्णालयात विचारलं की तिथपर्यंत पोहोचता येतं.

मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. तिथे फिजिओथेरपीसोबत स्प्लिंट आणि कॅलिपरही बनवतात. केंद्राच्या 'एडिप' योजनेत उत्पन्नाच्या अटीवर सहाय्यक साधनं मिळतात. त्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून ठेवा.

गाव लांब असेल तर दर आठवड्याला शहरात जाणं जमत नाही, हे खरं आहे. अशा वेळी थेरपिस्टला महिन्याचा घरचा कार्यक्रम लिहून मागा. व्यायाम करून दाखवताना आपल्या मोबाईलवर व्हिडिओ काढा. आपल्या बाळासाठी काढलेला तो एक व्हिडिओ यूट्यूबवरच्या शंभर व्हिडिओंपेक्षा कामाचा.

हे टाळता येतं का?

बऱ्याच अंशी, हो. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीत दिसलं की आधी असं बाळ झालेल्या मातांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक अॅसिड घेतल्यावर पुढच्या बाळातला धोका ७२ टक्क्यांनी कमी झाला. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य सभेनेही अन्नात फॉलिक अॅसिडसारखे सूक्ष्म पोषक घटक मिसळण्यावर भर देणारा ठराव केला.

मूल हवं असं ठरवल्यापासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड घ्यायला सांगतात. गरोदर असल्याचं कळल्यावर सुरू केलं तर ते २८ दिवस अनेकदा निघून गेलेले असतात. आधी असं बाळ झालं असेल तर डोस बराच जास्त, ४ मिलिग्रॅम असतो आणि तो डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचा. फॉलिक अॅसिड घेऊनही काही वेळा हा दोष होतो. म्हणून १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका.

थोडक्यात काय?

बाळ किती चालेल हे बरंचसं नसांवर ठरतं. पण आहे त्या नसांचा पूर्ण उपयोग होईल की सांधे आखडून तोही वाया जाईल, हे पहिल्या दोन वर्षांतल्या रोजच्या सरावावर ठरतं. त्यासाठी महागड्या मशीनची गरज नाही. चांगला थेरपिस्ट, वेळेवर तपासण्या आणि घरातली चार माणसं, जी कपडे बदलतानाही दहा मिनिटं व्यायामासाठी काढतील, एवढं पुरतं.

तुमच्या ओळखीत असं बाळ असेल, तर "चालायला लागला का?" असं दर भेटीत विचारू नका. "आता नवीन काय करतो?" असं विचारा. सांगण्यासारखं त्या आई-बाबांकडे नक्की काहीतरी असेल.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या बाळासाठी कोणता व्यायाम योग्य, हे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टला विचारूनच ठरवा.)